दांपत्याचे ‘आम्ही’

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत, आणि ती दोन्ही जपून वापरावी लागतात. ‘आपण’ म्हटले म्हणजे ऐकणारा त्यात येतो. ‘आम्ही’ म्हटले म्हणजे तो बाहेर राहतो. गृहस्थ पत्नीस म्हणतो, “यंदाच्या सुटीत आपण गोव्यास जाऊ.” तोच गृहस्थ परत आल्यावर मित्रमंडळीत सांगू लागतो, “आम्ही गोव्यास गेलो होतो.” पहिल्या वाक्यात पत्नी समोर उभी असते, तिला हो किंवा नाही म्हणता येते, दुसऱ्या वाक्यात ती ‘आम्ही’च्या पोटात गेलेली असते. आपल्याकडील सुटीच्या प्रवासवर्णनांत हे दुसरे वाक्यच शेकडो पृष्ठे चाललेले असते. आम्ही निघालो, आम्ही पाहिले, आम्ही जेवलो. या ‘आम्ही’त बरोबरचे माणूस किती आले आणि किती गळले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, तो येथे विचारावा असा आमचा हेतू आहे. टीकालेखकही स्वतःस ‘आम्ही’च म्हणवितो हे खरे, परंतु त्याच्या ‘आम्ही’त दुसरे कोणी नसते हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे त्यापासून कोणाची हानी होत नाही. दांपत्याच्या ‘आम्ही’ची गोष्ट निराळी आहे.

हा विचार पनवेलसारख्या गावी सुचावा यात नवल नाही. पनवेल हे वाटेवरचे गाव. आगगाडीपूर्वी मुंबईचा प्रवासी पडावाने पनवेलच्या बंदरात उतरे आणि पुढे बोरघाट चढून पुण्यास जाई. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा ही वाट अधिकच सोयीची झाली. १८६३ मध्ये आगगाडी घाट चढली ती कर्जतवरून, आणि पनवेल बाजूस पडले. पण पुढे मोटारींनी त्याची वाट त्याला परत दिली. आज मुंबईचे कुटुंब घाटावर जावो की तळकोकणात उतरो, फाटा येथेच फुटतो. मे महिन्यात किंवा गणपतीच्या दिवसांत येथील एस.टी. स्थानकावर कोणीही अर्धा तास उभे राहावे. गाडी थांबताच गृहस्थ खाली उतरून पाय मोकळे करतो, चहा घेतो आणि गाडीस किती उशीर झाला याचा हिशेब मांडतो. गृहिणी बहुधा जागेवरच असते. मांडीवर डबा, पायांशी पिशवी; धाकट्याचे तोंड पुसावयाचे, थोरल्यास भूक लागलेली, सासूबाईंची गोळी द्यावयाची, आणि ‘गॅस बंद केला होता ना?’ हा प्रश्नही तिलाच विचारला जावयाचा. घर मागे राहिले असे गृहस्थास वाटते. वास्तविक ते तिकीट न काढता त्याच गाडीत बसलेले असते. सुटी दोघांची म्हणून निघालेली असते, पण ती लागते एकासच. ही गोष्ट डोळ्यांस रोज दिसते आणि पुस्तकांत क्वचित आढळते, हेच आमच्या तक्रारीचे मूळ.

याच मुलखातील एक जुना प्रवासी पाहा. पनवेलशेजारच्या पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जाच्या ओझ्यामुळे, दक्षिणेच्या आशेने चुलत्यांसह उत्तर हिंदुस्थानात गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. गोडसेभटजींच्या ‘आम्ही’त चुलते आहेत, वाटसरू आहेत, घरची माणसे वरसईस आहेत. हे ‘आम्ही’ सरळ आहे, कारण ज्यांनी वाट तुडविली तेच त्यात आहेत. खरी अडचण सुरू होते ती पत्नी बरोबर निघू लागल्यापासून.

अशा सहप्रवासाचे जुने आणि मातबर चित्र रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या ग्रंथात आहे. १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाई तिशी ओलांडलेल्या न्यायमूर्तींच्या घरी आल्या. पती शिकवू पाहतो आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया त्या शिकण्यावरून टोमणे देतात, अशा कात्रीत त्यांचे पुण्यातील दिवस गेले. पुढे दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या १८७९ च्या कायद्यामुळे न्यायमूर्तींस जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरतीचे काम आले आणि रमाबाई त्यांच्याबरोबर हिंडल्या. १८८६ मध्ये सरकारी समितीच्या कामासाठी न्यायमूर्ती कलकत्त्यास गेले तेव्हा तेथे त्यांनी बंगालीचा अभ्यास आरंभिला, अडलेली अक्षरे दाढी करावयास येणाऱ्या न्हाव्यास विचारली, आणि ती भाषा पत्नीसही शिकविली. ग्रंथ वाचताना वाटते की या दांपत्याचे सहजीवन घरापेक्षा वाटेवरच अधिक मोकळे झाले. घरात चार जणांच्या नजरा होत्या; वाटेवर दोघेच होते. प्रवास म्हणजे येथे घरापासूनची सुटका नव्हे, तर घर जे द्यावयास नाकारीत होते ते मिळण्याचे स्थान होय.

परंतु ग्रंथाच्या नावातील ‘आमच्या’ या शब्दाची परीक्षा केली तर काय दिसते? रमाबाई पतीचा उल्लेख ‘स्वतः’ या शब्दाने करतात. ‘स्वतः’ म्हणावयाचे आणि दुसऱ्याकडे बोट दाखवावयाचे! नाव न घेण्याची रूढी तर त्यामागे होतीच. पण त्या एका शब्दात त्या काळच्या दांपत्याचा सारा आकृतिबंध आला आहे. १९३८ मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर झाले तेव्हा त्याचे नावच ‘हिमसेल्फ’ असे ठेवले गेले. मराठीत जे ‘आमचे’ म्हणून निघाले ते इंग्रजीत ‘त्यांचे’ होऊन पोहोचले, आणि ते भाषांतर अगदीच अप्रामाणिक आहे असेही म्हणवत नाही. रमाबाईंनी स्वतःस मागे ठेवण्याचा पुष्कळ यत्न केला. तो पूर्णपणे साधला नाही, हे आपले भाग्य. जेथे त्या आपला अपमान, आपली भीती, आपली चूक सांगतात तेथे ‘आमच्या’ हा शब्द खरा होतो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त हवा एकदम पालटते. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघालेल्या या ग्रंथात पतीचे नाव ‘टिळक’ असे स्वच्छ घेतलेले आहे. पतीवर अपार जीव असावा आणि त्यास आरपार पाहणारी दृष्टीही असावी, हा दुर्मिळ योग येथे आहे. या संसारात घर आणि प्रवास असे दोन कप्पे करताच येत नाहीत, कारण टिळकांचे मनच सदा वाटेवर होते. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने चालले असता एका इंग्रज सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आगगाडीतील त्या एका भेटीने एक घर मोडले. पतिपत्नींची ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले सोवळे निराळे सांभाळले, आणि १९०० मध्ये त्यांनीही आपल्या मनाने तोच धर्म स्वीकारला. ‘आपल्या मनाने’ हे शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहोत. ज्या स्त्रीस ‘आम्ही’त आपोआप धरले गेले असते तिने तसे धरू दिले नाही, ती पाच वर्षांनी आपल्या पायांनी चालत त्यात आली. म्हणूनच लक्ष्मीबाईंचे ‘आम्ही’ मराठीतील अतिशय भरीव ‘आम्ही’ आहे. त्यात रुसवे आहेत, उपास आहेत, फजिती आहे, आणि दोन्ही माणसे शेवटपर्यंत दोनच राहिली आहेत. ग्रंथाचा अखेरचा भाग लक्ष्मीबाईंच्या निधनामुळे अपुरा राहिला व तो पुत्राने पुरा केला. पण तोवर पतिपत्नींचे चित्र पूर्ण झाले होते.

आता आपल्या अधिक जवळचे उदाहरण घेऊ. पु. ल. देशपांडे दूरचित्रवाणीच्या शिक्षणासाठी बी.बी.सी.कडे विलायतेस गेले, सुनीताबाई बरोबर होत्या. त्या प्रवासाचे ‘अपूर्वाई’ हे पुस्तक १९६० मध्ये आले आणि पुढे पूर्वेकडील देशांचे ‘पूर्वरंग’ आले. ज्या मध्यम वर्गास तेव्हा विलायत स्वप्नातही दिसत नव्हती त्यास या पुस्तकांनी घरबसल्या जग दाखविले, हे त्यांचे उपकार कोणी विसरू नये. लेखक स्वतःवर हसतो आणि आपल्या धांदरटपणाशेजारी पत्नीचे व्यवहारचातुर्य ठेवतो. हे औदार्य आहे यात शंका नाही. परंतु विनोदाची एक खोड अशी की तो ज्या गोष्टीस हसवितो तिची किंमत विचारू देत नाही. पतीचा विसराळूपणा पुस्तकात गोड वाटतो. त्या विसराळूपणामुळे दुसऱ्या कोणास सदैव सावध राहावे लागते, हे वाचकाच्या ध्यानी येत नाही.

ते ध्यानी आणून दिले सुनीताबाईंच्या ‘आहे मनोहर तरी’ या १९९० च्या पुस्तकाने. येथे पती ‘भाई’ आहे. १९४६ मध्ये रत्नागिरीस झालेल्या नोंदणी-विवाहापासून पुढच्या चार दशकांचा संसार त्यांनी उलगडला, तेव्हा पुष्कळ वाचक दुखावले. आपल्या लाडक्या लेखकाविषयी त्याच्याच घरातून गाऱ्हाणे यावे हे त्यांस रुचले नाही. जेन कार्लाइल यांची पत्रे १८८३ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा इंग्लंडातही असाच गलबला झाला होता. थोर पुरुषाचे घर उघडले की त्याच्या भक्तांस प्रथम थंडी वाजते. आमच्या मते हे पुस्तक गाऱ्हाणे नसून ‘अपूर्वाई’चा राहिलेला अर्धा भाग आहे. त्यात दोष नाही असे नव्हे. लेखिकेच्या हाती अधूनमधून न्यायाधीशाचा दंड येतो आणि मग घरातील लहानसहान गोष्टही खटल्यासारखी उभी राहते; मात्र त्या न्यायासनापुढून त्या स्वतःसही सोडीत नाहीत, हे विसरता कामा नये. ही दोन पुस्तके कपाटात शेजारी ठेवावीत. एकटे पहिले वाचणारा सुखी राहील, एकटे दुसरे वाचणारा खिन्न होईल. दोन्ही वाचणाऱ्यास एक संसार दिसेल.

‘स्वतः’, ‘टिळक’, ‘भाई’. ऐंशी वर्षांत तीन स्त्रियांनी पतीस दिलेल्या या तीन नावांत महाराष्ट्रातील दांपत्याचा इतिहास थोडक्यात आला आहे. परंतु हा इतिहास लिहिला कोणी, हे पाहिले तर मन काहीसे उदास होते. तो पत्नींनी लिहिला. पतींनी प्रवास लिहिले. पत्नींनी प्रवास आणि घर यांचा सांधा लिहिला. ज्यास सांधा सांभाळावा लागला त्यासच तो दिसला, हे स्वाभाविक असेल. पण वाङ्मयात ही वाटणी कायमची मान्य करण्याचे कारण नाही.

यावर कोणी म्हणेल, प्रवासवर्णन म्हणजे घरखर्चाची वही नव्हे. वाचकास डोंगर, समुद्र, देवळे हवी असतात, कोणी पिशवी भरली याचा पंचनामा नको असतो. हा आक्षेप निम्मा बरोबर आहे. जो एकटा हिंडतो त्याने खुशाल डोंगरच लिहावेत. गोडसेभटजींस आम्ही काही विचारीत नाही. परंतु ज्याने ‘आम्ही’ हा शब्द लिहिला त्याने दुसऱ्या माणसाची सही घेतली आहे. त्या माणसाने तो समुद्र पाहिला की पाहिला नाही, पाहताना त्याचे लक्ष कशात गुंतले होते, त्यास तो आवडला तरी का, एवढे सांगणे हे त्या सहीचे देणे होय. शिवाय असे सांगितल्याने समुद्र लहान होत नाही. एकाच किनाऱ्यावर दोन माणसे दोन निरनिराळ्या गोष्टी पाहतात, हे लिहिता आले तर वर्णन दुप्पट होते.

हे देणे आता अधिक निकडीचे झाले आहे. पूर्वी वर्षाकाठी एकदा माहेरी किंवा देवदर्शनास जाणारे कुटुंब आज दिवाळीत आणि मे महिन्यात दूरदूर हिंडते. पनवेल तालुक्यातच उभारलेल्या नव्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. पडाव, बैलगाडी आणि एस.टी. यांच्या या गावास आता आकाशातूनही वाट फुटली आहे. प्रवास वाढला की प्रवासवर्णनेही वाढतात, आणि त्यांतील पुष्कळशी खोलीचे भाडे, न्याहारीचे पदार्थ आणि पाहण्याची ठिकाणे यांतच संपतात. तीन वर्षांचा संसार झालेले दांपत्य आणि तीस वर्षांचा संसार झालेले दांपत्य एकाच देवळासमोर एकाच शब्दांत उभे राहते. घरी ज्यांनी कित्येक दिवस एकमेकांशी धड संभाषण केले नाही अशी दोन माणसे परक्या गावी वाट चुकल्यावर एकमेकांस काय म्हणाली, हे कोणीच लिहीत नाही. आणि आम्हांस तर तेच वाचावयाचे असते.

यावर एक साधा उपाय आहे. प्रवासवर्णन लिहून झाले की ते संपादकाकडे धाडण्यापूर्वी लेखकाने, मग तो पती असो वा पत्नी, प्रथम बरोबर आलेल्या माणसास वाचून दाखवावे. ऐकणारे माणूस मध्येच थांबवून “हे असे नव्हते” म्हणाले तर तेही मजकुरात घालावे. लिहिताना जे ‘आम्ही’ होते ते अशा वाचनानंतर कदाचित ‘आपण’ होईल. निदान त्यातील दुसऱ्या माणसास आपण गोव्यास गेलो होतो की नाही, हे तरी कळेल.