पळवलेला प्रसंग

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या पडद्यावर मी मुलांना 'द सायलेंट वर्ल्ड' दाखवला. झाक-ईव्ह कुस्तो आणि लुई माल यांनी दिग्दर्शित केलेला हा फ्रेंच बोलपट १९५६ सालचा. त्या वर्षी कानच्या महोत्सवात त्याने सर्वोच्च पारितोषिक पटकावले, तेव्हा माल अवघा तेवीस वर्षांचा होता! आमची शाळा मालवणजवळची. निम्म्या मुलांच्या घरी होड्या. समुद्र त्यांना नवा नव्हता; तळ नवा होता.

एक प्रसंग मी कळ दाबून पुढे ढकलला. दिवे लागताच मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "गुरुजी, मधलं काय पळवलंत?"

तिला त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. वाचकांना देतो.

चित्रपट सुंदर आहे, यात वादच नाही. श्वास ओढला की भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने हवा पुरवणारे साधन कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी १९४३ साली सिद्ध केले, आणि माणूस वरच्या नळीच्या दाव्यातून सुटला. ते सुटलेपण या चित्रपटाच्या अंगात भिनले आहे. तांबड्या समुद्रात, हिंदी महासागरात पाणबुडे पोहत नाहीत, तरंगत जातात. पाण्यात तांबडा रंग सर्वांत आधी विरतो, म्हणून खोलावरचे सारे निळसर, मेलेले दिसते. पाणबुड्याच्या हातातला दिवा त्यावर पडतो आणि काळवंडलेल्या कपारीतून शेंदूर उधळावा तसे प्रवाळ पेटून उठते. आमच्या वर्गात 'आई गं!' असा एकच उद्गार निघाला. शीर्षक तेवढे खोटे आहे. प्रवाळाचे खडक मुके नसतात. तिथल्या एका जातीच्या कोळंबीच्या नांगीचा कडकडाट अखंड चालू असतो.

मी पळवला तो प्रसंग असा. प्रवाळाच्या खडकात सुरुंग उडवतात. मग मेलेले मासे गोळा करतात. हवा भरून टम्म फुगलेले केंड किनाऱ्यावर तडफडते. मासेमारीसाठी कोणी हे केले तर तो विध्वंस, पण शास्त्राला तिथल्या माशांच्या जाती मोजायला दुसरा उपाय नाही, अशा अर्थाचे समर्थन निवेदनात आहे. पुढे बोटीच्या पंख्याने देवमाशाचे पिल्लू जायबंदी होते, त्याला मारावे लागते, आणि रक्ताच्या वासाने आलेल्या शार्कांना खलाशी डेकवर ओढून कुऱ्हाडींनी तोडतात. पिल्लाला घायाळ करणारा पंखा बोटीचा, सूड मात्र शार्कांवर!

दिग्दर्शकांची नजर इथे तीच आहे, जी प्रवाळावर होती. तोच उत्साह, तेच नेटके चित्रण. मला खटकते ते हे. हिंसेपेक्षाही, तिच्यापाशी क्षणभर न अडखळणे.

आणि याच चित्रपटात युलिसिस आहे. सेशेल्सच्या अझम्प्शन बेटापाशी भेटलेला, आपल्या हेकरूच्या कुळातला, हा भला थोरला मासा. पाणबुड्याजवळच्या पिशवीतले मांस खायला येतो, गिरक्या घेतो, पाणबुड्याशी जणू नाचतो. अखेर अंगचटीला फार येऊ लागला म्हणून त्याला पिंजऱ्यात घालतात. सगळे हसतात, आम्हीही हसलो. पण ज्याला नाव मिळाले तो लाडका आणि ज्यांना नाही ते गणतीत, हा हिशेब मात्र चित्रपटाच्या लक्षात आलेला दिसत नाही.

याच कुस्तोंनी १९७३ साली समुद्राच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि १९९७ साली मरेपर्यंत ते काम सोडले नाही. सुरुंगाचा प्रसंग कापून हा चित्रपट दाखवला तर तो माणूस केवढे अंतर चालून गेला हे मुलांना कसे कळावे? शिवाय सेशेल्सच्या प्रवाळाला पुढे सुरुंगाचीही गरज उरली नाही. १९९८ साली पाणी तापले, प्रवाळाला अन्न पुरवणारी सूक्ष्म शेवाळी त्याला सोडून गेली, आणि मैलोगणती खडक पांढरे पडून मेले. शास्त्राचे माझे शिक्षण शालांत परीक्षेपाशी थांबलेले, पण एवढे मला समजते.

श्रावणात मी तो प्रसंग वर्गाला दाखवला. पूर्ण, काही न बोलता. कोणी 'आई गं' म्हटले नाही. मागच्या बाकावरची ती उभी राहिली.

"गुरुजी, एवढे मासे मारले, ते खाल्ले तरी का?"

"मोजले," मी म्हटले.

ती खाली बसली.