फुलराणीची सपाता
पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’त (१९७५) मंजुळेची बोली सुधारली जाते, तिथे प्रेक्षक हसतात, मी यवतमाळकडचा मास्तर मात्र वरमतो. ‘मले’ म्हणणाऱ्या पोरांकडून ‘मला’ वदवण्यात माझी वीस वर्षे गेली!

मूळ ‘पिग्मॅलियन’मध्ये (१९१३) शॉची एलायझा अखेरीस गुरूला झिडकारून जाते. ‘माय फेअर लेडी’ या संगीतपटात (१९६४) ती परतते, आणि गुरुमहाराज खुशाल सपाता मागतात. गाणी गोड, यात शंका नाही. पण ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी गायली मार्नी निक्सनने! वाणी मिळवणाऱ्या मुलीचा गळाच उसना. प्रणयापायी, तिने पुढे जायचे कुठे, हा प्रश्नच चित्रपटाने गिळला.

परवा वर्गातली एक मुलगी म्हणाली, “सर, घरी ‘मला’ म्हनलं का माय हासते. मंग मी बोलू कसं?”