अहिल्याबाईंचें दान व खासगीचा जमाखर्च

अहिल्याबाई होळकरांचा जन्म 1725 सालीं जामखेड तालुक्यांतील चौंडी येथें झाला. 2024 मध्यें अहमदनगर जिल्ह्यास त्यांचें नांव मिळालें. त्यांच्या दानधर्माविषयीं लिहितांना काशीविश्वेश्वर (1780), गयेचें विष्णुपद (1787] अशीं देवालयें मोजण्यावरच बहुधा भर असतो. ही गणना खोटी नाहीं. परंतु ती अपुरी आहे, असें आमचें मत आहे.

दान कोणत्या पैशांतून झालें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. 1734 मध्यें पेशव्यांनीं मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांस खासगीकडे गांव लावून दिले. हें उत्पन्न दौलतीच्या महसुलाहून निराळें असे. पुढें तें अहिल्याबाईंकडे आलें व धर्मादायास दरसालचा आधार मिळाला. मात्र गांव खासगीचा झाला तरी वसूल रयतेच्या घामाचाच, हें स्तुतिपाठकांनीं विसरूं नये.

सर जॉन माल्कम यानें 1823 मध्यें प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतांत याहून उपयुक्त तपशील आहे: उन्हाळ्यांत वाटसरूंस पाणी, महेश्वराजवळ औताच्या बैलांस पाणी, दक्षिणेंतील देवस्थानांस गंगोदक, पांखरांसाठीं विकत घेतलेलीं शेतें. देवालय एकदां बांधून होतें. हे खर्च दरवर्षीं उभे राहतात. दात्याची खरी कसोटी येथें लागते.

हा खर्च फाजील नव्हता काय, असें माल्कमनें विचारलें असतां, याच्या दुप्पट पैसा फौजेवर खर्चूनही तीस वर्षांची शांतता लाभली नसती, अशा आशयाचें उत्तर एका जाणत्या ब्राह्मणानें दिलें. उत्तर मार्मिक आहे. परंतु आम्हांस तें सर्वस्वी पटत नाहीं. तुकोजी होळकरांची फौज व महादजी शिंद्यांचें पाठबळ नसतें, तर केवळ दानानें मुलूख राखला असता काय? शिवाय माल्कमनें ही माहिती बाईंच्या मृत्यूनंतर (1795) वीसबावीस वर्षांनीं, त्यांच्याविषयीं पूज्यभाव बाळगणाऱ्यांकडून मिळविली. तेव्हां दानाचें श्रेय फौजेस देऊं नये, व फौजेचें दानासही देऊं नये.

हीच कसोटी आजच्या श्रमदानासही लागू पडते. याच जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें गांवकऱ्यांच्या श्रमदानानें बांध झाले. परंतु पाण्याचा वार्षिक ताळेबंद आणि शेतीसाठीं बोअरवेल घेण्यास बंदी, यांमुळें त्यांचें फळ टिकलें. जिल्ह्यास बाईंचें नांव देणें सोपें होतें. त्यांच्या खासगीचे कागद जमाखर्चाच्या दृष्टीनें वाचणें, हें काम अभ्यासकांचें आहे.