चित्रकाराची वही

जुहूच्या किनाऱ्यावर एक चित्रकलेचा विद्यार्थी होडी रेखाटताना पाहिला. होडी समोर, आणि याची नजर मोबाइलमधल्या होडीवर! माझ्यातला मास्तर जागा झाला. पण उसनवारीचा आरोप जपूनच करावा. १९४०च्या दशकात रझा, आरा ही मंडळीही वॉल्टर लँगहॅमर यांच्याकडे युरोपीय चित्रांच्या छापील प्रती न्याहाळीत असत. घेतलेल्याचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न.

प्रभाकर बरवे १९६१ ते १९६५ बनारसच्या विणकर सेवा केंद्रात होते. तिथल्या तांत्रिक आकृत्या त्यांच्या आरंभीच्या चित्रांत उघड दिसतात. पुढे त्या विरल्या, आणि घड्याळ, पान अशा साध्या वस्तू मोकळ्या अवकाशात तरंगू लागल्या. हे स्थित्यंतर समजून घ्यायला त्यांच्या वह्या पाहाव्यात. वस्तू पाहायची, तिच्याविषयी लिहायचे, मग पुन्हा पाहायचे! ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे त्याच चिंतनाचे पुस्तक. त्याची भाषा मला जागोजागी जड वाटते. तरी चित्रकाराने मराठीत स्वतःशी इतके बोलावे, हे आपल्याकडे दुर्मिळच.

त्या विद्यार्थ्याला विचारले, “वही ठेवतोस का रे?” त्याने मोबाइलच पुढे केला. त्यात शेकडो होड्या होत्या. एकीखालीही शब्द नव्हता.