नकार द्या, पण कारण सांगा

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हाला आला. नववीतल्या एका मुलीने एक प्रोग्रॅम लिहिला होता. तारीख दिली की त्या दिवशीची चंद्रकला तो पडद्यावर काढून दाखवत असे. मामाच्या घरच्या नव्या संगणकावर तिने तो तयार केला होता आणि पेन ड्राइव्हवर घालून आणला होता. मांडवात मात्र विंडोज एक्सपी चालवणारा जुना संगणक ठेवलेला. त्यावर तिने फाइल उघडली आणि एक चौकट आली : ‘नॉट अ व्हॅलिड विन-३२ ॲप्लिकेशन’. मुलगी गोरीमोरी झाली. “सर, घरी चालत होता,” एवढेच ती म्हणाली. कुठेतरी चूक राहिली असेल, असे म्हणून आम्ही पुढच्या टेबलाकडे वळलो. गुणपत्रिकेत शेरा पडला : ‘प्रयोग चालला नाही.’

चूक राहिलेली नव्हती. प्रोग्रॅम ६४ बिटांच्या संगणकासाठी तयार झाला होता आणि मांडवातला संगणक ३२ बिटांचा होता. हे आम्हाला उशिरा कळले. आमचे अज्ञान आम्ही नाकारत नाही. पण त्या चौकटीतल्या वाक्याने आम्हाला त्या अज्ञानातच ठेवले, हेही खरे. पाठ्यपुस्तकातल्या वाक्यांची आपण चिकित्सा करतो, मग संगणकाच्या वाक्यांची का करू नये? विद्यार्थी ती वाक्येही वाचतात आणि त्यांवर विश्वासही ठेवतात.

आधी मूळ गोष्ट पाहू. चालवण्याजोगी फाइल म्हणजे नुसत्या आज्ञांची यादी नव्हे. तिच्या सुरुवातीला एक मथळा असतो. हा प्रोग्रॅम कोणत्या प्रोसेसरसाठी आहे, किती बिटांचा आहे, स्मृतीत कोठे कसा मांडायचा, अशी माहिती त्यात ठरलेल्या जागी लिहिलेली असते. शाळेत नवा विद्यार्थी आला की कारकून आधी त्याचा शाळा सोडल्याचा दाखला पाहतो. तसेच कार्यप्रणाली आधी हा मथळा पाहते आणि तो पटला तरच आत प्रवेश देते. त्या मुलीच्या फाइलला दारातच अडवले गेले. तिने लिहिलेली एकही आज्ञा संगणकाने चालवून पाहिली नव्हती. चंद्रकलेचे गणित बरोबर की चूक हा प्रश्न तिथे आलाच नाही.

या मथळ्यांचा इतिहास मनोरंजक आहे. डॉसमधल्या ‘कॉम’ फाइलींना मथळाच नव्हता; प्रोग्रॅम ६४ किलोबाइटांत मावला पाहिजे, एवढीच अट. मोठ्या प्रोग्रॅमसाठी ‘एक्झी’ फाइली आल्या. १९८३च्या डॉस २.० पासून सर्वपरिचित झालेल्या त्यांच्या मथळ्याची पहिली दोन अक्षरे ‘एम’ आणि ‘झेड’. ती मायक्रोसॉफ्टमधील मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरे होत. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर ‘पीई’ नावाचा नवा साचा आला आणि आजही विंडोज तोच वापरते. लिनक्सचा साचा वेगळा. त्याचे नाव ‘एल्फ’.

नवा साचा करणाऱ्यांपुढे एक प्रश्न होता. विंडोजचा प्रोग्रॅम कोणी जुन्या डॉसवर चालवला तर? उत्तर सुंदर होते. नव्या फाइलीची सुरुवातही ‘एमझेड’नेच ठेवली आणि तिच्यामागे डॉसला समजेल असा एक चिमुकला प्रोग्रॅम बसवला. त्याचे काम एकच : ‘हा प्रोग्रॅम डॉसमध्ये चालवता येणार नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य छापणे आणि थांबणे. हे वाक्य आम्हाला उत्तम वाटते. दोष प्रोग्रॅमला नाही, संगणकाला नाही, चालवणाऱ्यालाही नाही. जागा चुकली, एवढेच ते सांगते. ज्या जुन्या यंत्रणेला नव्या साच्याची कल्पनाही नव्हती, तिच्या तोंडूनही खरे कारण वदवून घेतले आहे.

आता आमच्या मांडवातले वाक्य पाहा. ‘हा वैध विन-३२ प्रोग्रॅम नाही.’ अक्षरशः घेतले तर ते खरे आहे, कारण ती फाइल ६४ बिटांचीच होती. पण ‘वैध नाही’ हे शब्द वाचणाऱ्याला फाइल सदोष वाटते. शिवाय हे वाक्य कधी कधी उघड खोटेही ठरते. २०१२ साली आलेल्या व्हिज्युअल स्टुडिओच्या पहिल्या आवृत्तीत तयार केलेले ३२ बिटांचे प्रोग्रॅमसुद्धा एक्सपीवर हेच वाक्य दाखवत. प्रोसेसर जुळत होता, बिट जुळत होते. मथळ्यात ‘किमान आवृत्ती ६.०’ असा आकडा होता आणि एक्सपीचा क्रमांक ५.१ होता, इतकेच. प्रतिस्वाक्षरी नाही म्हणून दाखला परत करायचा, पण सांगायचे मात्र ‘हा दाखलाच नव्हे’, असा हा प्रकार.

विंडोज ७ (२००९) मध्ये याबाबत सुधारणा दिसली. तुम्हाला ३२ बिटांची आवृत्ती हवी की ६४ बिटांची हे तपासा, असे तिचा संदेश सांगे. वाक्य लांबलचक आणि रूक्ष होते, पण त्यात शोधाची दिशा होती. २०१२च्या विंडोज ८ ने ते काढून ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ असे सुटसुटीत वाक्य आणले. बिट जुळत नसोत, प्रोसेसरची जात निराळी असो, की उतरवताना फाइल अर्धवट राहिलेली असो, वाक्य तेच. सोपेपणासाठी माहितीच गाळली, हे आम्हाला मान्य नाही.

लिनक्सवाल्यांनीही फार हसू नये. ६४ बिटांच्या लिनक्सवर ३२ बिटांचा प्रोग्रॅम चालवला आणि त्याला लागणारा ३२ बिटांचा लोडर तिथे नसला, तर उत्तर येते : ‘अशी फाइल किंवा निर्देशिका नाही’. फाइल तर डोळ्यांसमोर असते! सापडत नाही तो लोडर, पण त्याचे नाव कोणी घेत नाही. याउलट ॲपलने २०११ मध्ये जुन्या पॉवरपीसी प्रोग्रॅमांचा आधार काढून घेतला, तेव्हा ‘पॉवरपीसी प्रोग्रॅम आता चालवले जात नाहीत’ असे नाव घेऊन सांगितले. नकार कडू होता, पण स्पष्ट होता.

यावर कोणी म्हणेल, सामान्य माणसाला बिट आणि मथळे घेऊन काय करायचे आहे? आमचे म्हणणे असे की, कारण ज्याला नको तो ते वाचणार नाही. पण ज्याला हवे त्याला ते मिळालेच पाहिजे. वर्गात तर ते हवेच. कारण न देणारा नकार मुलांना दोनच गोष्टी शिकवतो : एक तर ‘माझेच चुकले’, नाही तर ‘यंत्र बिघडले’.

संदेश सुधारेपर्यंत शिक्षकांनी काय करावे? प्रोग्रॅम चालला नाही की तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. फाइल पूर्ण उतरली आहे का? ती कोणत्या कार्यप्रणालीसाठी आहे? ती किती बिटांची आहे? शेवटच्या दोन्हींचे उत्तर मुलांना स्वतः शोधता येते. विंडोजची एखादी लहान एक्झी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. (ती जतन मात्र करू नका, नाही तर बिघडेल.) पहिलीच अक्षरे ‘एमझेड’ दिसतील. काही अंतरावर डॉससाठीचे ते इंग्रजी वाक्य वाचता येईल. त्याच्या पुढे ‘पीई’ ही अक्षरे शोधा. त्यांच्या लगेच नंतर मोठे रोमन ‘एल’ असेल तर प्रोग्रॅम बहुधा ३२ बिटांचा आणि लहान रोमन ‘डी’ असेल तर ६४ बिटांचा. लिनक्सवर ‘फाइल’ नावाची आज्ञा हेच काम करते. संगणकाने लपवलेले कारण मुलाने स्वतः वाचले, तर तो तास वाया गेला असे कोण म्हणेल?

इलाजही कारणावरूनच ठरतो. आपल्याकडे अनेक वर्षे शिकवला गेलेला डॉसचा टर्बो सी ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही. प्रोसेसर ६४ बिटांच्या पद्धतीने काम करू लागला की डॉसच्या प्रोग्रॅमांना लागणारी जुनी सोय त्या पद्धतीत उरत नाही. अशा वेळी सेटिंग्ज बदलत बसणे व्यर्थ. डॉसबॉक्ससारखा, जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅमच हवा. आणि प्रोग्रॅम आपणच लिहिला असेल, तर तो ३२ बिटांसाठी पुन्हा तयार करावा.

त्या मुलीलाही एवढेच करावे लागले असते. काही मिनिटांचे काम होते. आम्ही नंतर तिच्या शिक्षकांना पत्र लिहून हे कळवले, पण निकाल लागून गेला होता. तेव्हापासून परीक्षक म्हणून ‘चालला नाही’ असे लिहिण्याची वेळ आली, तर त्यापुढे ‘कारण’ लिहिल्याशिवाय आम्ही सही करत नाही.