रॉयसच्या नकाशात क्रमांक नसलेली सीमा

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमिनींवर काम करायचं तर चार्ल्स रॉयसचं १८९९चं संकलन टाळता येत नाही. ६७ नकाशे आणि ७२० क्रमांकांचे रंगीत तुकडे. कुठला तुकडा कुठल्या तहाने सरकारकडे गेला, हे दोन मिनिटांत सापडतं. मीही ते सतत वापरते. तरी त्याच्याशी माझं एक भांडण आहे.

या नकाशात जमिनीला क्रमांक मिळतो तो ती हातातून जाते तेव्हा. शेजारच्या दोन राष्ट्रांनी आपापसात ठरवलेल्या सीमेला क्रमांक नाही.

क्रीक आणि चेरोकींचंच घ्या. १८१४च्या फोर्ट जॅक्सनच्या तहात अँड्र्यू जॅक्सनने क्रीकांकडून सुमारे २ कोटी ३० लाख एकर घेतले. त्यातला काही भाग आमचा, असं चेरोकी म्हणाले. तेही जॅक्सनच्याच बाजूने लढलेले! मार्च १८१६मध्ये वॉशिंग्टनने ते मान्य केलं. जॅक्सन भडकला, आणि त्याच सप्टेंबरात त्याने ती जमीन चेरोकींकडून लिहून घेतली.

मग डिसेंबर १८२१मध्ये दोघांनी स्वतःच करार केला: चॅटाहूची नदीवरच्या बझर्ड रूस्टपासून कूसा नदीपर्यंत, विल्स क्रीकच्या मुखासमोर, सरळ रेषा. खरी गंमत पुढच्या कलमांत आहे. रेषेच्या उत्तरेला राहणारे क्रीक यापुढे चेरोकींचे, दक्षिणेचे चेरोकी क्रीकांचे. आणि एखादा प्रमुख पलीकडे गेला तरी त्याचं प्रमुखपद कायम. म्हणजे माणसं पलीकडे राहतात, हे धरूनच रेषा आखली होती.

ही रेषा पुढे महत्त्वाची ठरली. १८२५च्या इंडियन स्प्रिंग्जच्या तहानंतर जॉर्जिया म्हणू लागलं, क्रीकांचा मुलूख आणखी उत्तरेपर्यंत होता, म्हणजे तोही आम्हाला मिळाला. राष्ट्राध्यक्ष जॅक्सनने निवाडा जॉन कॉफीवर सोपवला. त्याने मानलेली रेषा जॉर्जियाचीही नव्हती आणि १८२१चीही नव्हती. ज्यांची सीमा, त्यांचाच करार पुरेसा धरला गेला नाही.

रॉयसला हे ठाऊक नव्हतं असं नाही. १८८७च्या चेरोकींवरच्या ग्रंथात त्याने या सीमावादावर सविस्तर लिहिलंय. पण नकाशाची मांडणीच अशी, की ते त्यात मावत नाही.

१८२१च्या कराराला डोक्यावर घ्या, असंही मी म्हणत नाही. क्रीकांच्या बाजूचा विल्यम मॅकिंटॉश १८२३मध्ये चेरोकी नेत्यांना लाच देऊ करताना उघडा पडला, आणि १८२५ची जमीन विकल्याबद्दल क्रीकांनीच त्याला मारलं. तरी त्या करारातून दोन राष्ट्रं एकमेकांशी काय बोलत होती ते कळतं.

तुम्ही हा नकाशा वापरणार असाल तर जरूर वापरा. फक्त दोन रंग जिथे भिडतात तिथे थांबा आणि विचारा: ही रेषा कुणी, कुणासमोर मान्य केली होती?