शेलापागोटे की गळ?



उन्हाळा लागला आणि शाळा संपत आल्या की इस्राएलमध्ये बारावीच्या मुलांच्या घरी एक जाडजूड, रंगीत पुस्तक येऊन पडते. शाळा सोडताना मुलेच ते काढतात. त्याचे नाव ‘सेफेर मखझोर’. आपल्या जुन्या मंडळींची या नावाने हमखास फसगत होते. कारण मखझोर म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे रोश हाशाना आणि किप्पूरच्या प्रार्थनांचे पुस्तक उभे राहते. हिब्रूत शब्द एकच, फेऱ्याचा. दरवर्षी फिरून येणाऱ्या सणांच्या प्रार्थना तोही मखझोर, आणि एका वर्षी शाळेतून बाहेर पडणारी तुकडी तीही मखझोरच. तेव्हा एखाद्या आजीने नातवाचा मखझोर आधी डोळ्यांना लावला, मुका घेतला आणि मग उघडल्यावर आत नातवाचा तोंडात अख्खा फलाफेल कोंबलेला फोटो पाहिला, तर तिला कोणी हसू नये.

या पुस्तकाला कोणी साहित्य म्हणत नाही, म्हणून त्याच्यावर कोणी टीकाही लिहीत नाही. ती लिहायला हवी असे आम्हांला वाटते. बहुतेक माणसांवर जन्मात कोणी लेख लिहीत नाही. अठराव्या वर्षी मित्रांनी लिहिलेले हे एक पान, एवढेच काय ते त्यांचे व्यक्तिचित्र. मग ते बरे उतरले की नाही, हे पाहायला नको का? निवृत्त नर्सला वेळ बराच असतो. नात्यातले, शेजारपाजारचे असे दहाबारा मखझोर आम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले आहेत, आणि त्या भरवशावरच हे लिहीत आहोत.

पुस्तकाची रचना साधारण ठरलेली. प्रत्येक विद्यार्थ्याला एक पान. एक आताचा फोटो, बहुधा एक बाळपणीचा. त्याखाली जिवलग मैत्रिणीने किंवा मित्राने लिहिलेला मजकूर, पुष्कळदा यमके जुळवून. त्यात थट्टा हवीच. थट्टा नसलेले पान मुलांना आळणी लागते. शिक्षकांचीही त्यातून सुटका नसते.

आपल्यापैकी ज्यांची शाळा तिकडे झाली, त्यांना हा प्रकार नवा नाही. दहावीच्या निरोपाच्या वेळी वर्गात स्वाक्षऱ्यांच्या वह्या फिरत, आणि गॅदरिंगला ‘फिशपॉन्ड’ असत. चिठ्ठ्या पेटीत टाकायच्या, लिहिणाऱ्याचे नाव गुपित, आणि स्टेजवरून एकेकाचे नाव पुकारून त्या वाचायच्या. त्यांची चाल कशी असे, ते ठाऊक नसलेल्या नातवंडांसाठी एक नमुना आम्हीच रचून देतो:

तास संपता दार किलकिले, डोके हळूच आत;
‘बस चुकली हो!’ — घर तर याचे शाळेच्या दारात.

या प्रकाराला मराठीत दुसराही एक शब्द आहे, ‘शेलापागोटे’. शेला आणि पागोटे देणे म्हणजे मान करणे. चारचौघांत कोणाची टोपी उडवायची आणि त्याला नाव द्यायचे मानाच्या वस्त्रांचे! ज्या कोणी हा शब्द प्रथम वापरला, त्याला थट्टेचे मर्म कळले होते. ‘फिशपॉन्ड’ म्हटले की आम्हांला गळ आठवतो, आणि गळाला लागलेल्या माशाला कोणी विचारत नाही. मखझोरचे पान वाचताना आमची कसोटी तीच असते: मुलाच्या अंगावर शेला घातला आहे, की त्याच्या तोंडात गळ अडकवला आहे?

दोन्ही रिवाजांत एक मोठा फरक आहे. फिशपॉन्ड वाऱ्यावर विरून जात. चिठ्ठी वाचली, हशा पिकला, दुसऱ्या दिवशी अर्धे शब्द विसरले. मखझोर छापला जातो आणि पुढची पन्नास वर्षे कपाटात राहतो; पुढे नवरा वाचतो, सून वाचते, नातवंडे वाचतात. शिवाय लिहिणाऱ्याचे नाव गुपित नसते. म्हणून लिहिणाऱ्याची जबाबदारी मोठी.

आता दोष सांगतो. पहिला दोष गुळमटपणाचा. ‘तू सदा हसतमुख, सर्वांना मदत करणारी, तुझ्यासारखी मैत्रीण मिळणे भाग्य.’ हे पान कोणाचे? फोटोवर हात ठेवा आणि नाव झाका; पान शेजारच्या मुलीला तसेच्या तसे बसेल. दुसरा दोष खाजगी खुणांचा. ‘सहलीतली ती रात्र! टमाटे! तिसरी पायरी!’ असे पाच-सहा शब्द टाकले की पाच जण पोट धरून हसतात. पुस्तकातले बाकीचे दीडशे जण बाहेर राहतात. दहा वर्षांनी त्या पाच जणांनाही टमाट्याचे काय झाले होते ते आठवत नाही. तिसरा दोष गळाचा: जाडेपणा, तोतरेपणा, आईबापांचे उच्चार, अंगाचा रंग. आणि चौथा, आम्हांला सर्वांत जास्त टोचणारा. वर्गातल्या अबोल मुलाच्या वाट्याला दोनच ओळी येतात, त्याही समितीतल्या कोणीतरी रात्री जागून भरलेल्या. त्याची थट्टासुद्धा कोणी केलेली नसते. तीन वर्षे त्याच्याकडे कोणी नीट पाहिलेच नव्हते, हे त्या पानावरून कळते.

चांगली थट्टा म्हणजे नीट पाहणे. पु. ल. देशपांडे यांचे ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ साली आले. आपल्यापैकी कित्येकांनी येताना ट्रंकेत आणले. त्यातला नारायण दुसऱ्यांच्या लग्नात राब राब राबतो, सखाराम गटणे छापील भाषेत बोलतो, नाथा कामत ऊठसूट प्रेमात पडतो. आपण त्यांच्या सवयींना हसतो आणि हसता हसता त्यांची काळजी वाटू लागते. कोणाच्या व्यंगावर तिथे हशा वसूल केलेला नाही. आणि गंमत अशी, की इथल्या प्रत्येक मखझोरमध्ये आम्हांला एक नारायण सापडतो. वर्गाची सहल ठरवणारा, बस सांगणारा, पैसे गोळा करणारा, आणि निघताना स्वतःचीच पिशवी विसरणारा!

वॉर्डातही आम्ही हेच शिकलो. रोग्याला हसवणे हे औषधाइतकेच जरूर असते. पण थट्टा करायची ती त्याच्या सवयीची. चहात साखर कमी म्हणून रोज तक्रार करणाऱ्या आजोबांना ‘आज साखरेच्या पोत्यात चहा घातला आहे हो’ म्हटले की ते खुलत. त्यांच्या कापलेल्या पायावर विनोद करण्याचे कोणाच्या मनात येत नसे. जखमेला हात लावायचा तो ड्रेसिंगसाठी.

आता आपल्या मुलांविषयी. काही पानांवर बेने इस्राएल मूल ‘आमचा हिंदी’ एवढेच असते. करी, बॉलिवूड, मान हलवणे. झाले चित्र पूर्ण. मुले द्वेषाने लिहीत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण करीचा विनोद रामलेच्या मुलालाही लागू आणि दिमोनाच्या मुलीलाही. म्हणजे त्यात ना तो मुलगा आहे, ना ती मुलगी. ‘तुम्ही नक्की कोण?’ हा प्रश्न आपल्या समाजाने फार गंभीरपणे झेलला आहे. १९६२ सालापासून लग्नाच्या वेळी आपल्या पिढ्यांची चौकशी होऊ लागली; मोर्चे निघाले, धरणी धरली गेली; अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने आपण सर्व बाबतींत बरोबरीचे यहुदी असल्याचे जाहीर केले. त्या माणसांच्या नातवंडांचे चित्र एका मसाल्याच्या डबीत मावू नये.

उलट, एका मुलीचे पान आम्हांला फार आवडले. तिच्या मैत्रिणीने लिहिले होते, की ही सणानंतर आजीचा चिकाचा हलवा डब्यात आणते, सर्वांना वाटते, आणि कोणी किती वड्या घेतल्या ते वहीत टिपून ठेवते. दुसऱ्यांदा हात पुढे आला की वही उघडून दाखवते. वाटण्याचे औदार्य आणि मोजण्याचा चोखपणा, दोन्ही त्यात आले. हलवाही आला आणि मुलगीही आली. हे शेलापागोटे.

हे सगळे एवढ्या तळमळीने का सांगतो? इथे मखझोर हातात पडतो तेव्हा पुष्कळ मुलांना सैन्यात दाखल होण्याची तारीख आलेली असते. ७ ऑक्टोबर २०२३ नंतरच्या हिवाळ्यात आम्ही एका घरी सात दिवसांच्या दुखवट्यात भेटायला गेलो होतो. टेबलावर मेणबत्तीशेजारी मुलाचा मखझोर उघडा होता. पानावर लिहिले होते, की हा प्रत्येक परीक्षेला दुसऱ्याचे पेन मागतो आणि परत देताना टोपण चावून देतो. आलेला प्रत्येक मित्र ते वाचून हसत होता, आणि आई म्हणाली, “घरातली एकही पेन्सिल त्याने धड ठेवली नाही.” ती हसली आणि मग रडली. त्या पानावर ‘सदा हसतमुख’ असते, तर त्या माउलीच्या हाती काय राहिले असते?

म्हणून आजीआजोबांना आमचे सांगणे: नातवंड मित्राचे पान लिहायला बसले, की त्याला तीन गोष्टी विचारा. हे पान दुसऱ्या कोणाला बसेल का? तो स्वतः हे आपल्या आईला मोठ्याने वाचून दाखवू शकेल का? आणि ज्याच्यावर कोणी लिहिले नाही, तो अबोल मुलगा कुठल्या बाकावर बसतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले नाही, तर त्याला वर्गात परत पाठवा. शाळा संपायला अजून काही दिवस आहेत.